हिमाद्रीच्या मागची माती

पहिला दिवस : लाँगइयरबेन

रात्री दीड वाजता खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं आणि मी पडद्याच्या कडा चिकटपट्टीने भिंतीला लावत बसले होते. स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहात एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही हे वाचलेलं होतं. पण डोळ्यांना वाचलेलं कुठे कळतं!

आम्ही तिघं होतो. मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक. दादा, आमच्या प्रयोगशाळेतले ज्येष्ठ तंत्रज्ञ, अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावर अख्खा हिवाळा काढलेले. आणि मी, जिची बर्फाशी ओळख उणे ऐंशीच्या फ्रीजरपुरती. काम सांगायला सोपं होतं. न्यू-ऑलेसुंद या संशोधनाच्या गावात जायचं, केंद्राच्या भिंतीपासून सुरुवात करून लांब लांब जात माती गोळा करायची, आणि भिंतीजवळच्या मातीतले सूक्ष्मजीव लांबच्या मातीतल्यांपेक्षा वेगळे आहेत का ते पाहायचं. माणूस ध्रुवावर जीवसृष्टीचा अभ्यास करायला जातो, पण जाताना स्वतःच्या आतड्यात, कातडीवर आणि बुटांच्या तळव्यात एक वेगळी जीवसृष्टी घेऊन जातो. ती तिथे मागे राहते का?

दुपारी चढावरच्या जुन्या दफनभूमीपर्यंत चालत गेलो. १९१८च्या फ्लूच्या साथीत मेलेले सात तरुण इथे पुरलेले आहेत. कायम गोठलेल्या जमिनीत तो विषाणू टिकला असेल या आशेने १९९८ साली शास्त्रज्ञांनी ही थडगी उघडली. पण शवपेट्या फारच उथळ होत्या, उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात, आणि जिवंत विषाणू काही मिळाला नाही. दादा बराच वेळ त्या पांढऱ्या क्रुसांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गोठलं म्हणजे जपलं असं नाही, आणि गोठलं म्हणजे मेलं असंही नाही. आपला सगळा धंदाच या दोन वाक्यांच्या मधला."

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट : स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण तो युरोपच्या सामायिक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. नॉर्वेतून जाताना तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि येताना पुन्हा शिरता. त्यामुळे दोनदा प्रवेशाचा व्हिसा घ्या. एकदाच प्रवेशाचा असेल तर परतताना पंचाईत होते.

दुसरा दिवस : न्यू-ऑलेसुंद

छोट्या विमानाने अर्ध्या तासात पोचलो. उतरण्याआधीच फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगतात आणि तो तसाच ठेवायचा असतो. गावाजवळच्या वेधशाळेच्या अँटेना दूरच्या क्वेसारांचे अतिक्षीण रेडिओ संकेत ऐकून पृथ्वीची नेमकी मोजमापं करतात, म्हणून इथे वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, कानातले बिनतारी इअरफोन नाहीत. इंटरनेट वायरने. नेटवर्कची केबल आणि तिचं अडॅप्टर बरोबर असू द्या. माझं अडॅप्टर घरी राहिलं होतं आणि आठ दिवस मी दादांच्या लॅपटॉपची वाट बघत होते.

७८ अंश ५५ मिनिटं उत्तर. रंगीत लाकडी घरांचं हे गाव उन्हाळ्यात शे-दीडशे माणसांचं होतं आणि हिवाळ्यात तीस-चाळीसवर येतं. जर्मन आणि फ्रेंचांचं एकत्र केंद्र, नॉर्वे, ब्रिटन, नेदरलँड्स, इटली, जपान, कोरिया, दारात दगडी सिंह बसवलेलं चीनचं केंद्र, आणि १ जुलै २००८ला सुरू झालेलं आपलं हिमाद्री. दारावरचं देवनागरी नाव बघून मला उगाचच भरून आलं. मॅडमच्या ते लक्षात आलं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

हे गाव जन्माने शास्त्रज्ञांचं नाही. मुळात कोळशाची खाण. ५ नोव्हेंबर १९६२ला खाणीत स्फोट झाला, २१ माणसं गेली, पुढच्या वर्षी खाण बंद पडली आणि त्या प्रकरणात नॉर्वेचं सरकारही पडलं. त्याच घरांत पुढे संशोधक राहायला आले. म्हणजे आम्ही ज्या मातीला 'केंद्राच्या प्रभावाखालची' म्हणणार होतो, तिच्यात आधीच खाणकामगारांचे, त्यांच्या जनावरांचे, बरोबर आणलेल्या चाऱ्याचे आणि कोळशाच्या भुकटीचे थर होते. शिवाय स्वालबार्डच्या कायद्यानुसार १९४६च्या आधीची माणसाची प्रत्येक खूण संरक्षित वारसा आहे. गंजलेला डबासुद्धा. उचलायचा नाही. मॅडमनी आराखड्यावर पेन्सिलने लिहिलं : "शून्य कुठून धरायचं?"

जेवायला सगळं गाव एकाच खानावळीत जमतं. दारात बूट काढायचे. कोळसा घरात येऊ नये म्हणून पडलेली ही खाणीच्या काळातली सवय स्वालबार्डभर अजून टिकून आहे. मोजे बिनभोकाचे घ्या, हा सल्ला मला कोणी दिला नाही म्हणून मी तुम्हाला देते. तपकिरी चीज गोड असतं. मला आवडलं. दादांनी एक काप खाऊन उरलेलं अदबीने बाजूला सारलं.

तिसरा दिवस : भिंतीपासून हजार मीटर

गावाबाहेर बंदुकीशिवाय जायचं नाही, कारण ध्रुवीय अस्वलं. इथे घरांना कुलपं लावत नाहीत तेही म्हणूनच, कोणालाही पटकन आत शिरता यावं. दादांनी नेमबाजीचं प्रशिक्षण घेतलं होतं. बंदूक त्यांच्या खांद्यावर, दुर्बीण मॅडमच्या गळ्यात, आणि बाकी सगळं माझ्या पाठीवर.

पहिला नमुना हिमाद्रीच्या मागे, भिंतीपासून दहा मीटरवर. मग पन्नास, दोनशे, पाचशे, हजार. पद्धत अशी : वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे तुमच्या अंगावरचं काही मातीवर उडत नाही. हातमोज्यांवर हातमोजे. चमचा स्पिरिटने पुसायचा, ज्योतीवर धरायचा, थंड होऊ द्यायचा. वरचा थर वेगळा, पाच सेंटीमीटर खालचा वेगळा. प्रत्येक ठिकाणी एक 'कोरा' नमुनाही घ्यायचा. निर्जंतुक पाण्याची नळी उघडायची, तेवढाच वेळ हवेत धरायची आणि बंद करायची. माती नाही, काहीच नाही. त्या नळीत पुढे काही उगवलं तर ते आपलं, तिथलं नव्हे.

एवढं करायचं कारण ध्रुवीय मातीत आणि बर्फात जीव कमी असतात. समृद्ध बागेच्या मातीत माणसाचे चार जंतू पडले तर हरवून जातात. इथे तेच चार जंतू निकालच बदलून टाकतात.

पाचशे मीटरवर मी नळी उघडली आणि त्याच क्षणी डोक्यावर काहीतरी आदळलं. आर्क्टिक टर्न! हा पक्षी दरवर्षी अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतो आणि घरट्याजवळ आलेल्या कोणाचीही गय करत नाही. मी खाली बसले, दुसऱ्यांदा टोपीला चोच लागली, नळी हातात तशीच. "काठी डोक्याच्या वर धर!" दादा ओरडले. टर्न नेहमी सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो. काठी माझ्या पिशवीला बांधलेलीच होती.

संध्याकाळी मॅडमनी वहीत लिहिलं : "कोरा क्र. ४, उघडा राहिला, अंदाजे ४० सेकंद." बाजूला काही शेरा नाही. तो न लिहिलेला शेरा मला जास्त लागला.

चौथा दिवस : पाऊस

जुलैत इथलं तापमान पाच-सहा अंशांच्या आसपास असतं आणि पाऊस आडवा येतो. बाहेर जाता आलं नाही. आम्ही हिमाद्रीच्या टेबलावर नळ्यांची यादी करत बसलो आणि मी मनात अडकलेला प्रश्न विचारला. आपण आणलेले जंतू इथे जगतात तरी का?

"बहुतेक मरतात," मॅडम म्हणाल्या. "सदतीस अंशांच्या शरीरात वाढलेला जिवाणू इथे गोठतो, वितळतो, पुन्हा गोठतो. उन्हाळाभर अतिनील किरण. कोरडेपणा वेगळाच. पण बीजाणू करणारे टिकतात. आणि तू प्रश्न अर्धाच विचारलास."

"म्हणजे?"

"आपण कोणते जंतू आणतो ही अर्धी गोष्ट. इथल्या जंतूंना आपण काय खायला घालतो ही दुसरी. त्या खिडकीतून बघ."

खिडकीबाहेर खडीचा रस्ता, गरम पाण्याचे नळ, घराच्या आडोशाला साचलेला आणि उशिरा वितळणारा बर्फ, लांबवर डिझेलवर चालणाऱ्या वीजघराची चिमणी. मॅडम एकेक दाखवत गेल्या. घराची ऊब झिरपते तिथे माती जास्त दिवस ओली आणि वितळलेली राहते. वाहनांच्या चाकांनी धूळ उडते आणि बर्फाचा रंग मळतो, मग तो लवकर वितळतो. धुरातून नायट्रोजन उतरतो. इथल्या मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची कायम चणचण असते, त्यामुळे जरा जास्त मिळालं की हावरट, झपाट्याने वाढणारे जिवाणू पुढे जातात आणि सावकाश जगणारे मागे पडतात. डिझेल सांडलं तर आणखी वेगळं. ऱ्होडोकोकस, स्यूडोमोनास यांच्यासारखे तेल खाणारे जिवाणू, जे तिथे आधीपासून मूठभर असतात, ते माजतात. एकूण प्रकार मात्र घटतात. हे सगळे गावचेच रहिवासी. बाहेरून कोणी आलेलं नाही, तरी गाव बदललेलं.

मग दादांचा विषय निघाला, म्हणजे सांडपाण्याचा. अंटार्क्टिकात हिवाळा काढलेला माणूस संडासाबद्दल जितक्या गांभीर्याने बोलतो तितकं कोणी देवाबद्दलही बोलत नसेल. १९९१ साली झालेला आणि १९९८ला लागू झालेला माद्रिद पर्यावरण करार तिथे निर्जंतुक न केलेली माती नेणं टाळायला सांगतो. कुत्र्यांनाही त्याने हाकललं, १९९४च्या एप्रिलपर्यंत स्लेज ओढणारे शेवटचे कुत्रे परत गेले. पण किनाऱ्यावरच्या केंद्रांना सांडपाणी समुद्रात सोडायला तो परवानगी देतो. उन्हाळ्यात सरासरी तीसेक किंवा जास्त माणसं असतील तर निदान ते घुसळून बारीक करावं, एवढीच अट. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, बारमाही केंद्रांपैकी ३७ टक्के आणि फक्त उन्हाळ्यात चालणाऱ्यांपैकी ६९ टक्के ठिकाणी सांडपाण्यावर कसलीच प्रक्रिया नव्हती. अमेरिकेच्या मॅकमर्डो या सगळ्यात मोठ्या केंद्रावर प्रक्रिया प्रकल्प आला तो २००३ साली. त्याच्या आधीच्या काळात तिथल्या समुद्रतळाच्या गाळात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू सापडले होते. हा माणसाच्या आतड्यातला जिवाणू. बीजाणू टिकाऊ असल्याने सांडपाणी कुठवर पोचलं त्याचा तो जणू शिक्काच.

"आणि मैत्रीवर?" मी विचारलं.

"तिथे केंद्राशेजारच्या प्रियदर्शिनी सरोवराचंच पाणी प्यायचो," दादा म्हणाले. "ज्याचं पाणी पितो त्याच्या काठावर माणूस आपोआप शहाणा होतो. सरोवराच्या तळाशी शैवालाचे, सायनोबॅक्टेरियाचे गालिचे असतात, पोरी. त्यांना आपली गरज नाही."

पाचवा दिवस : काळे खड्डे

ऊन पडलं. मिद्रे लोव्हेनब्रेन हिमनदीपर्यंत चालत गेलो. वाटेत ओढे आडवे येतात, पाणी गुडघ्याखाली पण इतकं थंड की पायाची बोटं आपली राहात नाहीत. लांब रबरी बूट हवेतच. ते आदल्या दिवशी ब्रशने घासून, स्पिरिटने पुसून ठेवलेले, शिवणीतल्या आणि वेल्क्रोमधल्या बिया चिमट्याने काढलेल्या. तुम्ही नुसते पर्यटक म्हणून गेलात तरी एवढं कराच. बॅगेचे कोपरे आणि जॅकेटचे खिसे व्हॅक्यूमने साफ करा. माझ्या खिशात कुठल्यातरी गवताच्या तीन काड्या निघाल्या.

हिमनदीच्या पृष्ठभागावर बोटभर, वितभर रुंदीचे गोल खड्डे असतात. तळाशी काळा गाळ आणि वर काचेसारखं पाणी. हे क्रायोकोनाइट. नॉर्डेनशेल्डने १८७० साली ग्रीनलंडमध्ये त्याला नाव दिलं. वाऱ्याने आलेली धूळ आणि काजळी बर्फावर पडते, काळी असल्यामुळे ऊन शोषते आणि वितळत वितळत खाली बसते. त्या धुळीला सायनोबॅक्टेरियाचे धागे गुंडाळतात आणि मोहरीएवढ्या गोळ्या तयार होतात. त्यांच्यात जिवाणू, बुरशी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली अस्वलासारखे डुलत चालणारे टार्डिग्रेड. पालथी पडून मी एका खड्ड्यात कितीतरी वेळ बघत होते. आत बुडबुडे चिकटलेले होते, प्रकाशसंश्लेषणाचा ऑक्सिजन. इतक्या उजाड दिसणाऱ्या बर्फावर कोणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

खाली गाव दिसत होतं आणि वीजघराचा धूर आमच्या विरुद्ध दिशेला जात होता. "आज," मॅडम म्हणाल्या.

सहावा दिवस : हंसांचं तळं

गावात बार्नाकल जातीचे हंस गुरांसारखे चरतात. पिल्लं रस्त्यात, आणि त्यांची विष्ठा सगळीकडे. हे पक्षी हिवाळा इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या सॉलवे खाडीकाठी, शेतांत आणि गुरांच्या कुरणांत काढतात आणि उन्हाळ्यात इथे येतात.

आम्ही माती घेत होतो तिथून थोड्याच अंतरावर ज्याची चर्चा जगभर झाली तो शोध लागला होता. न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने २०१३ साली काँग्सफ्योर्द या इथल्या खाडीच्या परिसरातल्या ८ ठिकाणांहून माती घेतली आणि निकाल २०१९च्या जानेवारीत आले. प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणारी १३१ जनुकं. त्यांत एनडीएम-१ या प्रतिजैविकं निकामी करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) जनुक. त्यातली 'एनडी' अक्षरं म्हणजे न्यू दिल्ली. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णात हे सापडलं, तो आधी दिल्लीत उपचार घेऊन आलेला होता. शहराचं नाव रोगजंतूच्या हत्याराला द्यावं का, यावर आपल्याकडे तेव्हा बराच संताप झाला. माझ्या मते रास्तच. पण २०१०मध्ये ते दिल्लीच्या उघड्या पाण्यात मिळालं आणि तीन वर्षांनी घेतलेल्या मातीत इथे, ध्रुवाच्या दारात.

"हिमाद्रीमुळे आलं असेल?" मी हळूच विचारलं. आजूबाजूला इतर देशांचे लोक होते.

"असं म्हणायला काही आधार नाही," मॅडम तितक्याच हळू बोलल्या. "दहा देशांची माणसं, जहाजांतून उतरणारे पर्यटक, आणि हे." त्यांनी हंसांकडे मान वळवली. "अभ्यासात ही जनुकं जिथे एकवटलेली मिळाली तिथे फॉस्फरसही जास्त होता. म्हणजे विष्ठा. माणसाची किंवा प्राण्याची. नुसती प्रतिकारक्षमता मिळाली म्हणून दचकू नकोस. युकॉनमधल्या ३०,००० वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतही अशी जनुकं २०११मध्ये दाखवली गेली आहेत. माणसाने प्रतिजैविकं बनवण्याच्या कितीतरी आधीची. प्रश्न कोणतं जनुक, हा असतो. एनडीएम-१ जुनं नाही, ते परवाचं आहे."

एक हंस माझ्या नमुन्याच्या चौकोनात शांतपणे येऊन बसला. दादांनी टाळी वाजवली. त्याला काही फरक पडला नाही. तो नमुना आम्ही दोन मीटर सरकवून घेतला आणि का सरकवला ते वहीत लिहिलं.

सातवा आणि आठवा दिवस

शनिवारी जेवायला लोक जरा नीटनेटके कपडे घालून येतात. मी दुसऱ्या स्वेटरवर निभावलं. जेवणानंतर ध्रुवप्रवासी अमुंडसेनच्या पुतळ्यापलीकडे एअरशिप बांधायच्या खांबापर्यंत गेलो. ११ मे १९२६ला 'नॉर्गे' इथून निघालं आणि ध्रुवावरून अलास्कापर्यंत गेलं. रात्री अकराला फ्योर्दचं पाणी सोनेरी होतं आणि समोरची स्वेआ, नोरा, डाना ही तीन शिखरं त्यात उलटी.

परतीचं एकच सांगण्यासारखं. नमुन्यांची थंड पेटी एका विमानतळावर आमच्याबरोबर चढली नाही आणि दोन दिवसांनी आली. तापमानाची नोंद करणारं यंत्र आत होतं म्हणून वाचलो. पाराच वर गेला नव्हता. तुमच्या पेटीत असं यंत्र नक्की ठेवा आणि बर्फाच्या थैल्या लागतील त्याच्या दुप्पट घ्या.

परतल्यावर

डीएनएचं काम सुरू आहे, त्याला महिने लागतील. प्लेटवर वाढवायचं काम मात्र लगेच लावलं. चार अंशांवर आणि पंधरा अंशांवर. थंडीतले जिवाणू सावकाश येतात, तीन आठवडे रोज डोकावायचं आणि रोज काही नाही. मग केशरी, गुलाबी, मेणचट पांढरे ठिपके. हजार मीटरच्या मातीतले आणि हिमाद्रीच्या मागचे ठिपके रंगाने वेगळे दिसतात, पण रंगावरून काही बोलायला मॅडमनी बंदी घातली आहे.

कोऱ्या नमुन्यांच्या प्लेटा स्वच्छ राहिल्या. चार क्रमांकाची सोडून. पंधरा अंशांच्या त्या प्लेटवर दहाव्या दिवशी एक पिवळाधमक गोल ठिपका आला. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर गोलाकार पेशी, चार-चारच्या चौकडीत मांडलेल्या. मायक्रोकोकस असावा. माणसाच्या कातडीवर सर्रास राहणारा.

दादांनी डोळा लावून पाहिलं, नळीची नोंद पाहिली, टर्नची आठवण काढून हसले. मॅडमनी प्लेटच्या झाकणावर तारीख लिहिली, क्रमांक लिहिला, आणि 'स्रोत' या रकान्यात माझं नाव.